नाटक संपल्यावर आत भेटायला जायचं का? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की आवडत्या नटाला किंवा नटीला भेटायला तुम्ही कधी दुसऱ्या गावी गेलाय का, नाटक बघून झाल्यावर. पत्रं आली ती भेटीच्या गोष्टींपेक्षा प्रश्नांचीच जास्त, कसं जायचं, कुणाला विचारायचं, काय बोलायचं, आणि भेटले नाहीत तर काय. मी गेली तीस-पस्तीस वर्षं नाटकं बघतीये, त्यातली बरीच प्रवास करून, त्यामुळं जेवढं माहितीये तेवढं सांगते.

प्रश्न: ताई, मी सांगलीची आहे, वय 20, कॉलेजला आहे. माझी आवडती अभिनेत्री सध्या नाटकात काम करतीये पण सांगलीला प्रयोगच लागत नाहीये, म्हणून मी आणि मैत्रीण पुण्याला बालगंधर्वला जाऊन बघायचं म्हणतोय. नाटक संपल्यावर भेटता येतं का? पास वगैरे लागतो का? आई म्हणते एवढ्या लांब जाऊन नाहीच भेटली तर, आणि परत कशा येणार.

उत्तर: भेटता येतं गं, आणि पास बिस काही लागत नाही. मराठी नाटकाची ही फार सुंदर रीत आहे, पडदा पडला की स्टेजच्या बाजूच्या दारानं लोक आत मेकअप रूमकडं जातात, आज्या जातात, लहान पोरं जातात, कुणी नुसतं हात जोडून येतं. ज्या माणसाला आत्ता दहा मिनिटांपूर्वी रडताना बघितलं तो समोर टॉवेलनं रंग पुसत उभा असतो. सिनेमाच्या हिरोला असं भेटायचं म्हटलं तर जन्म जाईल.

आता कसं ते सांगते. नाटकाचा व्यवस्थापक असतो, तोच तिकीट खिडकीपाशी नाहीतर दारापाशी बुकिंगचा प्लॅन घेऊन उभा असतो. त्याला मध्यंतरात गाठायचं, नाटक संपल्यावर नाही, कारण संपल्यावर त्याला हिशोब, भाडं, टेम्पो अशी दहा कामं असतात. सरळ सांगायचं, सांगलीहून आलोय, दोन मिनिटं भेटायचंय, जमेल का. तो नाही म्हणाला तर नाही. हो म्हणाला तर कुठल्या दारानं यायचं आणि किती वेळ थांबायचं ते तोच सांगेल.

वेळेचं बघ. पुण्यात प्रयोग साधारण दुपारी 12.30, संध्याकाळी 5.30 आणि रात्री 9.30 असे लागतात. तू 12.30 चाच घे. तीनच्या आसपास संपतं, भेट झाली तरी चारला तू मोकळी, स्वारगेटवरून एसटी पकडलीस की रात्री घरी. 9.30 चा प्रयोग बारा वाजता सुटतो, तेव्हा आईची काळजी अगदी खरी आहे, तेवढ्या रात्री दोन मुलींनी स्टँडवर बसू नये असं मलाही वाटतं. पुण्यात आल्यावर स्वारगेटवरून मेट्रोनं सिव्हिल कोर्टला गाडी बदलून छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरलीस की बालगंधर्व चालत आहे. आणि जाहिरात नीट वाच, त्याच नाटकाचा त्याच दिवशी 5.30 ला चिंचवडला प्रयोग असेल तर मंडळी पडदा पडल्या पडल्या निघतात, त्या दिवशी भेटीची आशा ठेवू नको.

एक मनातलं सांगू का. ज्या सांगलीत 1843 ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, जिच्यामुळं 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन करतो, त्या सांगलीच्या मुलीला नाटक बघायला पुणं गाठावं लागतंय याचं मला खरंच वाईट वाटतं. भेटशील तेव्हा त्यांना हे पण सांग, की सांगलीला या, आम्ही पन्नास जणी तिकीट काढायला तयार आहोत. आणि व्यवस्थापकालाही सांग, दौरा कुठं लावायचा ते ठरवताना त्यांना हेच ऐकायचं असतं की तिथं माणसं येतील का.

बोलायचं काय ते तू विचारलं नाहीस पण मी सांगतेच. मी अकरा वर्षांची असताना मामानं मला साताऱ्याला शाहू कलामंदिरात नाटकाला नेलं होतं. त्यात सासूचं काम करणाऱ्या बाईंना भेटायला आम्ही आत गेलो, मी गाडीत चार वाक्यं पाठ केली होती, ती समोर गेल्यावर सगळी गेली, आणि तोंडातून निघालं, तुमच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा शेवटच्या अंकात कुठं गेला? बाईंचा हात पटकन कमरेला गेला आणि त्या म्हणाल्या, अगं बाई, आज राहिलाच की! मग कपडेपटवाल्या काकांना हाक मारून सांगितलं, ही बघा हिनं पकडलं, आणि माझा हात धरून ठेवला, सोडलाच नाही, दुसऱ्या लोकांशी बोलत होत्या तरी. त्यानंतर कितीतरी कलाकारांना भेटले पण त्या हाताची ऊब अजून आठवते. तेव्हा "तुम्ही खूप छान काम करता" हे सगळेच म्हणतात, तू नीट बघ, तुला जे एक दिसलं ना तेच बोल.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको जळगावहून रात्रभर रेल्वेनं मुंबईला आलो, फक्त एका नटासाठी, दुपारी 4 चा प्रयोग बघितला, नाटक सुंदर झालं, नंतर चाळीस मिनिटं आतल्या दारापाशी उभे राहिलो आणि शेवटी कळलं की ते दुसऱ्या बाजूनं गाडीत बसून गेले. कुणी साधं सांगितलंही नाही. बायकोनं हातानं विणलेला रुमाल आणला होता. तेव्हापासून त्यांची सिरीयल लागली तरी आम्ही चॅनल बदलतो. आमचं चुकलं का?

उत्तर: दादा, तुमचं काही चुकलं नाही. चारशे किलोमीटर येऊन रुमाल तसाच परत न्यायला लागणं, मला पत्र वाचताना वहिनींचाच चेहरा दिसत होता. पण त्या दिवशी दाराच्या आतल्या बाजूला काय चाललं असेल ते सांगते, त्यानं राग गेला नाही तरी चालेल.

नाट्यगृह सत्रावर भाड्यानं मिळतं. 4 चं नाटक साडेसहा-पावणेसातला संपतं आणि 8 किंवा साडेआठला दुसऱ्या कुणाचं तरी नाटक असतं, त्यांचा नेपथ्याचा टेम्पो खाली येऊन थांबलेला असतो. म्हणजे तासाभरात अख्खं घर, सोफा, दारं, खिडक्या, जिना, सगळं सुटं करून बाहेर न्यायचं आणि मेकअप रूमसुद्धा रिकामी करायची, कारण पुढची मंडळी बॅगा घेऊन पॅसेजमध्ये उभी. त्यात याच नाटकाचा रात्री ठाण्याला गडकरीला प्रयोग असेल तर दादरहून संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून ठाणं म्हणजे काय ते मुंबईकरांना विचारा. दुसरा प्रयोग नसला तरी बऱ्याच जणांना दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता घोडबंदर रोडला नाहीतर फिल्मसिटीला सिरीयलच्या सेटवर हजर व्हायचं असतं.

आणि शरीर हो. अडीच तास उभं राहून, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवत बोलायचं, लाइटच्या उन्हात, ते पण आजारी असलं तरी. प्रशांत दामल्यांचा 12,500 वा प्रयोग 6 नोव्हेंबर 2022 ला षण्मुखानंदला झाला, तो आकडा आपण टाळ्या वाजवून ऐकतो, पण एवढे प्रयोग त्या एका घशानं भागवले हे डोक्यात येत नाही. विक्रम गोखल्यांसारख्या माणसाला 2016 मध्ये घशाच्या त्रासामुळं रंगभूमी सोडावी लागली, ज्यांनी त्यांना स्टेजवर ऐकलंय त्यांना कळेल काय गेलं ते. भरत जाधवांनी 2023 च्या मे महिन्यात रत्नागिरीत प्रयोगानंतर प्रेक्षकांची हात जोडून माफी मागितली होती, कारण एसी नाही आणि साऊंडही धड नाही, कोकणातला मे महिना आणि अंगावर भूमिकेचे कपडे. अशा प्रयोगानंतर माणसाला आधी पाणी पाहिजे असतं, पंखा पाहिजे असतो, मग आपण.

आणखी एक, भूमिका लगेच उतरत नाही. विनोदी नाटकातला नट दोन मिनिटांत गप्पा मारायला लागतो, पण ज्यानं आत्ता स्टेजवर पोटची पोर गमावलीये तो खुर्चीत नुसता बसलेला असतो, मी बघितलंय, डोळे उघडे पण समोरचं काही दिसत नसतं. 1970 च्या डिसेंबरात नटसम्राट आलं आणि डॉ. लागूंनी अप्पा बेलवलकर केला, त्या भूमिकेनंतर लगेच मेकअप रूममध्ये जाऊन "सर एक फोटो" म्हणायची कल्पना करून बघा. कधी कधी मागच्या दारानं जाणारा माणूस तुम्हाला टाळत नसतो, त्याच्याकडं त्या क्षणी द्यायला काही उरलेलं नसतं.

हे सगळं खरं असलं तरी एक गोष्ट मला अजिबात पटत नाही, ती म्हणजे तुम्हाला चाळीस मिनिटं कुणी काही न सांगणं. निर्मात्यांच्या ऑफिसात कुणी हे वाचत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, एक माणूस त्या दारापाशी ठेवा जो सांगेल की आज भेट होणार नाही, माफ करा. एका वाक्याचं काम आहे. लांबून आलेला प्रेक्षक "नाही" हा शब्द ऐकायला तयार असतो, त्याला ताटकळणं सोसत नाही.

रुमाल मात्र पाठवा. नाटकाच्या जाहिरातीत निर्मिती संस्थेचं नाव आणि बुकिंगचा फोन असतो, तिथं फोन करून पत्ता विचारा, आणि सोबत एक पत्र, जळगावहून आलो होतो एवढं लिहिलेलं. कलाकार अशी पत्रं वर्षानुवर्षं जपून ठेवतात. आणि सिरीयल लागली की चॅनल बदलत असाल तर खुशाल बदला, पण त्यांचं नाटक परत लागलं तर बघा.

प्रश्न: सेल्फी मागितला तर चालतो का? आणि नाटक चालू असताना शेवटच्या टाळ्यांचा व्हिडिओ काढला तर?

उत्तर: सेल्फी आधी विचारून, एकच, आणि मागं रांग असेल तर सगळ्यांचा मिळून एक. अर्धा मेकअप उतरलेला असेल किंवा कपडे बदलत असतील तर मागूच नका. आधी दोन शब्द बोला मग फोन काढा, फोन पुढं करतच आत शिरलेला माणूस त्यांना लगेच कळतो.

नाटक चालू असताना फोन बंद म्हणजे बंद. सायलेंटवर ठेवून स्क्रीन उघडली तरी अंधारात चेहरा उजळतो आणि स्टेजवरून तो दिसतो. 2019 मध्ये सुबोध भाव्यांनी जाहीरपणे लिहिलं होतं की वारंवार वाजणारे मोबाईल थांबणार नसतील तर नाटकात काम करणंच थांबवावं लागेल. एवढा कंटाळा यावा इतका त्रास आपण दिलाय. लंडनला 2015 मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच हॅम्लेट करत होते, तेव्हा लोक चालू नाटकात शूटिंग करायचे म्हणून ते बार्बिकन थिएटरच्या बाहेर येऊन चाहत्यांनाच म्हणाले, कृपा करून हे थांबवा आणि बाकीच्यांनाही सांगा. शेवटी सगळे कलाकार हात धरून वाकतात तेव्हासुद्धा, नाटकवाल्यांनी स्वतःहून "आता फोटो काढा" असं सांगितलं तर काढा, हल्ली बरेच जण सांगतात. नाहीतर टाळ्या वाजवा, दोन्ही हात त्यासाठीच पाहिजेत.

प्रश्न: काय घेऊन जावं? मी कोल्हापूरची, पांढरा रस्सा नेऊ का डब्यातून? (खरंच विचारतीये.)

उत्तर: खरंच सांगते, नको. अनोळखी हातचं खाणं प्रयोगाच्या दिवशी कुणी खात नाही, पोट बिघडलं तर रात्रीचा प्रयोग जातो आणि त्यावर वीस घरं चालतात, लाइटवाल्याचं, कपडेपटवाल्याचं, टेम्पोवाल्याचं. गजरा न्या, चालतो, छोटं रोप नेलंत तर दौऱ्यावरच्या बसमध्ये ते कुठं ठेवणार. सगळ्यात चांगलं म्हणजे हातानं लिहिलेलं पत्र, एक पान, दोन्ही बाजूंनी नको. आणि तुम्ही कोल्हापूरच्या आहात म्हणून, केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 ला जळालं त्यानंतर ज्या कलाकारांनी तिथं पूर्वी प्रयोग केलेत त्यांना त्या स्टेजच्या आठवणी काढल्या की गहिवरून येतं, शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं थिएटर ते, आणि आग लागली ती केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. तुम्ही तिथं त्यांचं कुठलं नाटक बघितलं असेल तर तेच सांगा, त्यापेक्षा मोठी भेट काय नेणार.

प्रश्न: नमस्कार, आम्ही ओहायोत कोलंबसला असतो. महाराष्ट्रातलं एक नाटक शिकागोला येतंय, आम्ही सहा तास ड्राइव्ह करून मुलांना घेऊन चाललोय, वय 9 आणि 12. गेल्या वर्षी न्यूयॉर्कला एका म्युझिकलनंतर आम्ही स्टेज डोअरला बॅरिकेडमागं उभं राहून सह्या घेतल्या होत्या. इथंही तसंच असतं का?

उत्तर: नाही, तसं नसतं, खूप घरगुती असतं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला नाटक महिनोन्महिने त्याच थिएटरात चालतं, नट रोज त्याच दारानं बाहेर येतो, म्हणून तिथं फुटपाथवर रांग, प्लेबिल (नाटकाची छापील पुस्तिका), मार्कर पेन असा ठरलेला क्रम झालाय, आणि तिथंही बाहेर यायचंच असा काही नियम नाही. कोविडनंतर थिएटरं उघडली तेव्हा तर बराच काळ ते बंदच होतं.

तुमच्याकडं येणारं नाटक मात्र गावातलं महाराष्ट्र मंडळ बोलावतं. हॉल बुक करणारे, चहा करणारे, एअरपोर्टवरून कलाकारांना आणणारे, सगळे तुमच्यासारखेच नोकरी करून हे करणारे स्वयंसेवक. कलाकार शनिवारी एका शहरात, रविवारी दुसऱ्या, जेटलॅग अंगात, आणि सोबत माणसं कमी म्हणून कधी कधी स्वतःच सेट लावतात. तेव्हा शिकागोच्या मंडळाला आधी मेल करा की सहा तासांवरून मुलांना घेऊन येतोय, पाच मिनिटं भेट होईल का. शक्य असेल तर सेट काढायला हात लावू का असंही विचारा, त्याइतकी चांगली ओळख दुसरी नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी होतं तिथंही हेच कलाकार असतात पण गर्दीत बोलणं होत नाही, हे छोटे प्रयोगच खरे.

मुलांना एकच सांगा, तोडकंमोडकं का होईना पण मराठीत बोला. नऊ वर्षांच्या पोरानं अमेरिकन उच्चारात "मला तुमचं भांडण आवडलं" म्हटलं तरी तो नट ते इकडं परत येऊन चार जणांना सांगेल. आणि मुलांना नाटक कळलं का अशी परीक्षा गाडीत घेऊ नका, येताना त्यांनाच बोलू द्या.

प्रश्न: माझे वडील 78 वर्षांचे आहेत, गिरणीत होते, आता आम्ही बदलापूरला राहतो. नव्वदच्या सुमारास एका नटाचं काम बघून ते वेडे झाले होते, तो नट आता बऱ्याच वर्षांनी परत नाटकात आलाय. बाबांना त्यांना एकदा भेटायचंय. गुडघे गेलेत, जिने चढता येत नाहीत, गर्दीत उभं राहता येत नाही. म्हणतात जाऊ दे, मी कोण त्यांचा. आणि समोर गेलो तर बोलणार काय. तरुणपणी ते स्वतः कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत प्रॉम्प्टर होते.

उत्तर: न्या त्यांना, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. नाटकं बंद होतात, तारखा मिळत नाहीत, आणि गुडघे काही सुधारत नाहीत.

आधी थिएटर ठरवा मग तारीख. काही नाट्यगृहांत प्रेक्षागृहच वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा बुकिंगच्या नंबरवर फोन करून विचारा की लिफ्ट आहे का, व्हीलचेअर आतपर्यंत जाते का, नुसतं "हो हो होईल" म्हणाले तर परत नीट विचारा. बदलापूरहून तुम्हाला कल्याणचं अत्रे किंवा डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले जवळ पडेल, दादरचा हट्ट धरू नका, प्रयोग तोच असतो. दुपारचा घ्या. तिकीट पुढच्या चार-पाच रांगांत, कडेची खुर्ची, म्हणजे पाय लांब करता येतो. मध्यंतराची गर्दी ओसरेपर्यंत त्यांना बसूनच राहू द्या, बटाटावडा तुम्ही आणून द्या.

भेटीसाठी बाबांनी आत जायचंच नाही. प्रयोगाच्या दिवशी अर्धा तास आधी पोचा, व्यवस्थापकाला भेटा, सांगा की माझे वडील 78 वर्षांचे आहेत, आत येऊ शकत नाहीत, प्रयोगानंतर प्रेक्षागृह रिकामं झालं की ते खुर्चीवरच बसून राहतील, साहेब दोन मिनिटं खाली आले तर. ही विनंती करायला लाजू नका. मी स्वतः कितीदा बघितलंय, पडदा पडल्यावर बाजूच्या पायऱ्यांनी नट खाली येतो, मेकअप तसाच, आणि पहिल्या-दुसऱ्या रांगेतल्या आजोबांच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. प्रत्येक वेळी जमेल असं मी म्हणत नाही, जळगावच्या दादांचं पत्र वर आहेच, म्हणून बाबांना आधी शब्द देऊ नका, नाटक बघायला चाललोय एवढंच सांगा.

"मी कोण त्यांचा" हे मात्र त्यांना परत म्हणू देऊ नका. विंगेत अंधारात बसून, हातात वही धरून, दुसऱ्याचं वाक्य अडलं की हळूच पुढचा शब्द देणारा माणूस, प्रॉम्प्टर, ज्याचं नाव जाहिरातीत कधी येत नाही. गिरणीत पाळी करून आल्यावर तालमीला बसायचे ही माणसं. तो नट समोर आला आणि बाबांना काहीच सुचलं नाही तर एवढंच म्हणू दे, मी प्रॉम्प्टर होतो. पुढचं बोलणं तो नट स्वतः काढेल, कुठल्या गिरणीत, कुठलं नाटक, कोण अडकायचं, सगळं विचारेल, कारण प्रत्येक नटाला आपल्याला वाचवलेला एक तरी प्रॉम्प्टर आठवत असतो.

तुम्ही तेव्हा फोटो एकदाच काढा आणि फोन खिशात टाका, ते दोघं काय बोलतात ते ऐका. आणि मला कळवा, कुठलं वाक्य बाबांना अजून पाठ आहे ते.